लाकडाचे वय कुणाला विचारायचे?

पुण्यातील एका शाळेत इतिहास शिकवणारे आमचे एक शिक्षक मित्र आहेत. जुन्या वस्तूंच्या बाजारातून त्यांनी एक लाकडी हस्त विकत आणला. हस्त म्हणजे खांबाच्या डोक्याशी बसवलेला आणि वरच्या तुळईला आधार देणारा तुकडा. हातभर लांबीचा, पुढच्या तोंडाला मोर, मोराच्या पायाशी उलटे कमळ, अंगावर हिरव्या तैलरंगाचे पापुद्रे. विकणाऱ्याने सांगितले होते, ‘पेशवाईतला आहे, वाड्यातून निघालाय.’ शाळेच्या प्रदर्शनासाठी सरांनी पाटीही लिहून ठेवली : ‘पेशवेकालीन लाकडी हस्त, पुणे.’ पाटी वाचून आठवीतल्या एका मुलीने विचारले, “सर, कशावरून?”

सरांना उत्तर देता आले नाही. त्यांनी तो हस्त आणि तो प्रश्न दोन्ही आमच्याकडे आणून ठेवले. पुढचे काही रविवार आम्ही त्यावर घालवले. एका साध्या लाकडाच्या तुकड्याने आम्हाला जे शिकवले ते वर्गात नेण्यासारखे आहे, म्हणून हा लेख.

वय एक नव्हे, अनेक

‘हा हस्त किती जुना?’ हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. लाकडी वस्तूच्या आयुष्यात निदान पाच तारखा असतात. झाड वाढले तो काळ, झाड तोडले ते वर्ष, सुताराने ते कोरले ते वर्ष, वस्तू इमारतीत बसली ते वर्ष, आणि नंतर तिची दुरुस्ती, रंगकाम किंवा हलवाहलव झाली ती वर्षे. शंभर वर्षे वाढलेल्या सागाच्या गाभ्यातून काढलेला तुकडा आणि त्याच झाडाच्या सालीजवळचा तुकडा एकाच दिवशी कोरले, तरी लाकूड म्हणून पहिला दुसऱ्यापेक्षा कित्येक दशकांनी मोठा असतो. शिवाय पडलेल्या घराचे चांगले लाकूड दुसऱ्या घरात वापरण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. म्हणजे लाकूड एका शतकातले आणि कोरीवकाम दुसऱ्या शतकातले, असेही होऊ शकते.

‘कुठला?’ या प्रश्नाचेही तसेच. लाकूड कुठल्या रानातले, सुतार कुठला, आणि वस्तू शेवटी कुठे बसली, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. १८१७ साली मुंबईच्या गोदीत बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाहायला मिळते. लाकूड मलबारचा साग, कारागीर मुंबईचे, मालक ब्रिटिश आरमार. मग ते जहाज कुठले म्हणायचे? उत्तर देण्याआधी प्रश्नाचे तुकडे पाडावे लागतात.

जागेवर राहिलेले लाकूड

जुन्या लाकडाचे वय खात्रीने सांगता येते अशी एक जागा पुण्यापासून फार लांब नाही. मळवली स्टेशनवर उतरून चालत भाज्याच्या लेण्यांपर्यंत जाता येते. तिथले चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले मानले जाते. आत शिरून वर पाहावे. कमानदार दगडी छताला लाकडाच्या फासळ्या लावलेल्या आहेत. या फासळ्या छत तोलून धरत नाहीत. डोंगरात कोरलेल्या छताला आधाराची गरजच नसते. त्याआधीच्या सभागृहांची छपरे लाकडाची असत. दगड कोरणाऱ्यांनी त्याच सभागृहाचे रूप डोंगरात उतरवले आणि ओळखीच्या फासळ्याही लावून टाकल्या. आतले खांब आतल्या बाजूला झुकलेले दिसतात, तेही त्यामुळेच. लाकडी छपराचा रेटा बाहेरच्या बाजूला येतो, म्हणून लाकडी खांब असे कलते ठेवावे लागत. दगडात त्याचे काही काम नव्हते, पण सवय राहिली.

या फासळ्या मूळच्याच कशावरून? नंतर कुणी बसवल्या नसतील कशावरून? या शंकेला मोठे बळकट उत्तर मिळाले ते पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांच्यामुळे. चैत्यगृहाच्या लाकडावरच कोरलेले ब्राह्मी लिपीतील लहान लेख त्यांनी १९५९ साली प्रसिद्ध केले. अक्षरांचे वळण काळाप्रमाणे बदलत जाते. दगडावरच्या ज्या लेखांचा काळ अन्य पुराव्यांनी ठरलेला आहे, त्यांच्याशी लाकडावरची अक्षरे ताडून पाहता येतात. ही अक्षरे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराची ठरली. म्हणजे ते लाकूड तेव्हा तिथे होते. सुमारे बावीसशे वर्षे ते त्याच छताखाली आहे!

इथे एक बारकावा विद्यार्थ्यांना जरूर सांगावा. लेख ज्या फासळीवर आहे, तिच्याबद्दल तो साक्ष देतो. शेजारच्या फासळीची साक्ष वेगळी काढावी लागते. एका पुराव्यावरून किती बोलायचे याची मर्यादा पाळणे हे विज्ञानातले शिष्टाचाराचे पहिले कलम आहे.

जवळच्या कार्ले लेण्यात छताच्या फासळ्यांबरोबर स्तूपावरचे लाकडी छत्रही टिकले आहे. लाकूड इतकी वर्षे कसे टिकले? सागाच्या गाभ्यात तेलकट द्रव्ये असतात, त्यांच्यामुळे वाळवी आणि बुरशी त्याच्या सहसा वाटेला जात नाहीत. आणि ऊन-पाऊस थेट लागत नाही. भाज्याच्या चैत्यगृहाचा दर्शनी भाग मात्र लाकडाचा होता आणि तो उघड्यावर होता. तो गेला, दगडात त्याच्या खाचा राहिल्या आहेत.

भाज्याच्या लाकडाची खरी ताकद ते जागेवर आहे यात आहे. तीच फासळी कुणी काढून बाजारात आणली असती, तर अक्षरे नसलेला तिचा तुकडा म्हणजे एक काळपट वासा, इतकेच राहिले असते.

वाड्यांचे लाकूड : नाव एक, वर्षे अनेक

आता पुणे शहरात येऊ. शनिवारवाड्याचा पाया १७३० साली घातला गेला आणि १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. १८२८ च्या फेब्रुवारीत लागलेल्या आगीत आतल्या इमारती जळून गेल्या. दिल्ली दरवाजावरचा नगारखाना सोडला तर तिथले लाकूडकाम आज आपल्यासमोर नाही. तेव्हा ‘हा शनिवारवाड्यातला खांब’ असे कुणी सांगू लागला, तर १८२८ ची आग त्याला आधी पार करावी लागेल.

विश्रामबागवाड्याची गोष्ट आणखी बोलकी आहे. दुसऱ्या बाजीरावाने तो बांधवला. १८०७ च्या सुमारास तो पुरा झाला. सुरूच्या झाडाच्या आकाराचे त्याचे खांब आणि कोरीव दर्शनी सज्जा पुणेकरांच्या ओळखीचा आहे. १८२१ मध्ये इंग्रजांनी तिथे संस्कृत पाठशाळा काढली. हीच पाठशाळा पुढे वाढत जाऊन डेक्कन कॉलेज झाले, आणि त्याच डेक्कन कॉलेजात आज पुरातत्त्वाचे संशोधन चालते. १८७९ च्या मे महिन्यात वाड्याला आग लागून पूर्वेकडचा भाग जळाला. लोकवर्गणी आणि नगरपालिका यांच्या पैशातून तो पुन्हा उभारला गेला. नवे काम जुन्याच्या धर्तीवर झाले. म्हणून एखादा खांब ‘विश्रामबागवाड्यातला’ असल्याचे सिद्ध झाले, तरी तेवढ्यावरून तो १८०७ चा ठरत नाही. शैली सांगते ती घराण्याची ओळख. जन्मतारीख तिला नेहमी ठाऊक नसते. बापाने मोर कोरला तसाच मुलाने आणि नातवाने कोरला, तर मोर तिघांचा एकसारखाच दिसणार.

आमच्या मित्राच्या हस्ताबद्दल शैलीचा पुरावा एवढाच होता : मोर आणि उलटे कमळ पेशवाईत कोरत होते, आणि नंतरही कोरत होते.

प्रयोगशाळा काय सांगू शकते?

पहिली तपासणी सूक्ष्मदर्शकाची. लाकडाचा आडवा छेद पाहिला की जाती ओळखता येतात. सागात पावसाळ्याच्या सुरुवातीला वाढलेल्या लाकडात मोठी छिद्रे ओळीने दिसतात, पुढच्या वाढीत ती लहान होतात. आमचा हस्त सागाचा निघाला. पण साग कुठला? कोकणातला, मलबारचा की ब्रह्मदेशातला? एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी ब्रह्मदेश टप्प्याटप्प्याने घेतला आणि तिकडचा साग मुंबई बंदरात मोठ्या प्रमाणावर येऊ लागला. सगळ्यांचे शास्त्रीय नाव एकच : टेक्टोना ग्रँडिस. छिद्रांची रचनाही तीच. जिवंत झाडांच्या आनुवंशिक अभ्यासात भारतातील आणि म्यानमारकडील सागाचे गट वेगळे दिसतात, पण जुन्या वाळलेल्या लाकडातून डीएनए मिळवणे फार अवघड असते.

दुसरी तपासणी वाढवलयांची. ए. ई. डग्लस हे अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ. सूर्यावरील डागांचा हवामानावरचा परिणाम शोधताना ते झाडांच्या वलयांकडे वळले. ओल्या वर्षी रुंद वलय, कोरड्या वर्षी अरुंद. रुंद-अरुंद वलयांचा हा क्रम एका प्रदेशातील झाडांत सारखा असतो. जिवंत झाडापासून सुरुवात करून जुन्या तुळयांचे क्रम एकमेकांना जोडत त्यांनी मागे जाणारी साखळी तयार केली आणि १९२९ मध्ये अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील प्राचीन वस्त्यांमधल्या तुळया कोणत्या वर्षी तोडल्या ते सांगून दाखवले. उष्ण प्रदेशातल्या बहुतेक झाडांत वलये स्पष्ट नसतात. साग हा सुदैवाने अपवाद आहे. आपल्या पुण्यातच पाषाणला भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत यावर काम झाले आहे. तेथील संशोधकांनी ठाणे भागातल्या सागाची वलये अभ्यासली. पुढे दक्षिण भारतातील सागाची १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची वलयमाला त्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात जुन्या दुष्काळांच्या खुणा वाचता येतात.

मग आमच्या हस्ताची तारीख का सांगता आली नाही? टोकाच्या छेदावर भिंगातून आम्ही ५४ वलये मोजली. क्रम नि:शंकपणे जुळवायला यापेक्षा लांब मालिका हवी. शिवाय ज्या रानातले लाकूड त्या भागाची वलयमाला हवी, आणि ते रान आम्हाला माहीत नव्हते. सुताराने बाहेरचे कच्चे लाकूड तासून टाकले होते, त्यामुळे शेवटचे वलय, म्हणजे झाड तोडल्याचे वर्ष, कधीच भुश्शात गेले होते.

तिसरी तपासणी कार्बन-१४ ची. विलार्ड लिबी यांनी १९४० च्या दशकात ही पद्धत विकसित केली. १९६० मध्ये त्यांना नोबेल मिळाले. जिवंत झाड हवेतून किरणोत्सारी कार्बन सतत घेत असते. एखादे वलय पुरे झाले की त्या लाकडातली आवक थांबते आणि साठा घटू लागतो. सुमारे ५७३० वर्षांत तो निम्मा होतो. आपल्याकडे साठच्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हे काम सुरू झाले आणि नंतर अहमदाबादला गेले. आज काही मिलिग्रॅम लाकूडही पुरते.

मग हस्त पाठवून का दिला नाही? यात गंमत आहे. हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण नेहमी सारखे नव्हते. सूर्याच्या चढउतारांमुळे आणि पुढे कोळशाच्या धुरामुळे ते असे बदलत गेले, की साधारण १६५० ते १९५० या काळातले लाकूड एकाच मोजमापाला अनेक तारखा देते. १७६० चे लाकूड आणि १८९० चे लाकूड या पद्धतीने वेगळे काढणे कठीण! भाज्याच्या काळासाठी जी तलवार आहे, ती पेशवाईच्या काळासाठी बोथट होते. उलट १९५० च्या दशकानंतरच्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट केला, त्यामुळे अगदी अलीकडचे लाकूड मात्र चटकन पकडता येते. अर्थात जुन्या तुळईवर काल कोरलेला मोर कार्बनला पकडता येणार नाही. तो लाकडाचे वय सांगतो, छिन्नीचे नाही.

पॅसिफिकमधला एक भाऊबंद

ही अडचण केवळ पुण्याची नाही. पॅसिफिक महासागरातील बेटांवरच्या लाकडी मानवाकृती जगभर ‘टिकी’ या नावाने विकल्या जातात. त्यांत जुन्या किती आणि प्रवाशांसाठी घडवलेल्या किती, हे ठरवताना संग्रहालयांनाही हेच प्रश्न पडतात. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये रुरुतू बेटावरची ‘आ-आ’ नावाची देवमूर्ती आहे. उंची सुमारे ११७ सेंटिमीटर, अंगावर तीस छोट्या आकृती. १८२१ साली बेटावरच्या लोकांनी ती ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या स्वाधीन केली, ही नोंद आहे. म्हणजे मूर्ती १८२१ च्या आधीची, एवढे कागदाने पक्के केले. पण किती आधीची? एकविसाव्या शतकात तिचे लाकूड तपासले गेले. पूर्वी ते पुआ नावाच्या स्थानिक झाडाचे समजले जाई. सूक्ष्मदर्शकाखाली ते चंदन निघाले. कार्बन-१४ ने ते लाकूड सोळाव्या-सतराव्या शतकातले ठरवले. एका बाजूने कागद, दुसऱ्या बाजूने प्रयोगशाळा, आणि मध्ये मूर्ती. कागद नसता तर ‘कुठली’ हा प्रश्न अर्धवट राहिला असता, आणि प्रयोगशाळा नसती तर ‘कधीची’ हा.

करवतीची साक्ष

आमच्या हस्ताला कागद नव्हता. तेव्हा आम्ही तो उलटा करून पाहिला. कोरीव वस्तूची पाठ कुणी सजवत नाही, म्हणून ती सहसा खोटे बोलत नाही.

पाठीवर उन्हाचा तिरपा कवडसा पडला आणि बारीक ओरखडे दिसले. हातकरवतीचे ओरखडे सरळ आणि थोडे वेडेवाकडे असतात. हे ओरखडे सगळे एकाच बाजूला वाकलेले, एकसारख्या चापांचे होते. फिरत्या गोल करवतीची ती खूण. मुलांनी एका चापाची जीवा मोजली : १६ सेंटिमीटर. मध्यभागी चापाची उंची : १ सेंटिमीटर. जीवेचा वर्ग भागिले उंचीची आठपट, अधिक उंचीचा निम्मा भाग : २५६ ÷ ८ + ०.५ = ३२.५ सेंटिमीटर त्रिज्या. म्हणजे सुमारे ६५ सेंटिमीटर व्यासाची, यंत्रावर फिरणारी करवत. भूमितीचे सूत्र इतिहासाच्या तासाला असे कामी आलेले मुलांनी प्रथमच पाहिले.

यंत्रावरच्या अशा करवती आपल्याकडे पसरल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. पेशवाई संपली १८१८ मध्ये.

पण घाई नको. जुना हस्त काढून त्याची पाठ नंतर कुणी गिरणीत कापली असेल तर? ही शंका त्याच मुलीने काढली. मग आम्ही खांबाच्या खाचेत बसणारे टोक भिंगाखाली धरले. छिन्नीचे घाव करवतीच्या चापांना छेदून गेले होते. म्हणजे करवत आधी, छिन्नी नंतर. सुताराने हस्त घडवला तो गिरणीत कापलेल्या लाकडातूनच. हिरव्या रंगाखाली दुसरा थर नव्हता. पण रंग लाकडापेक्षा नेहमीच धाकटा, म्हणून त्यावर आम्ही फारसा भर दिला नाही.

त्याच टोकावर आणखी एक खूण सापडली. छिन्नीने मारलेल्या तीन आडव्या रेघा. कोणता तुकडा कोणत्या खांबावर बसवायचा हे चुकू नये म्हणून सुतार अशा खुणा करतात. कुठल्या तरी ओसरीत, एका ओळीत, हा तिसरा होता. पहिला, दुसरा आणि चौथा कुठे गेले, ओसरी कोणत्या पेठेत होती, ती पाहणाऱ्या घरच्या माणसांची नावे काय होती, हे सांगणारे आता कुणी नाही.

वाडा पडण्याआधी

आम्हाला हळहळ वाटली ती हस्त पेशवेकालीन निघाला नाही म्हणून नव्हे. वाड्यातून तो काढला त्या दिवशी कुणी एक ओळ लिहून ठेवली असती, तर आमच्या साऱ्या रविवारांपेक्षा तिने जास्त सांगितले असते. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी वाडे पाडले. उरलेले एकेक करून इमारतींसाठी पाडले गेले आणि अजून पाडले जात आहेत. लाकूड विकले जाते, त्याची कहाणी मात्र राडारोड्याबरोबर जाते. दिनकर केळकरांनी जमवलेल्या आणि १९७५ मध्ये राज्य सरकारच्या हवाली केलेल्या संग्रहालयात कोथरूडच्या मस्तानी महालाचे लाकूडकाम जोडून उभे केले आहे. ते कोथरूडचे आहे हे ठाऊक आहे, म्हणूनच त्याला ते नाव देता येते.

सगळे वाडे वाचवणे शाळेच्या हातात नाही. पण नोंद करणे आहे. आपल्या गावात एखादे जुने घर उतरवले जाणार असेल तर मालकांची परवानगी घेऊन मुलांना आधी तिथे न्यावे. खांब मोजावेत, ओळीने आकडे द्यावेत, कागद ठेवून पेन्सिलीने नक्षीचा ठसा घ्यावा, छायाचित्रे काढावीत. तुळयांवर, चौकटींवर शक किंवा सन कोरला आहे का पाहावे. घरातल्या आजी-आजोबांना विचारावे : कुणी बांधले, दुरुस्ती कधी झाली, लाकूड कुठून आणले असे ऐकले आहे? ऐकीव माहिती ‘ऐकीव’ अशीच लिहावी. लाकूड उतरल्यावर त्याची पाठ पाहावी. वहीवर तारीख घालावी.

आमच्या मित्राने प्रदर्शनात नवी पाटी लावली : ‘लाकडी हस्त. साग. यंत्राच्या करवतीने कापलेल्या लाकडातून घडवलेला, म्हणून बहुधा १८५० नंतरचा. ओळीतील तिसरा. मूळ वाडा माहीत नाही.’ पाटीखाली मुलांनी चापाचे गणित मांडून ठेवले होते. ‘पेशवेकालीन’ या शब्दासमोर कुणी थांबले नसते. या पाटीसमोर पालक थांबत होते आणि विचारत होते, “कशावरून?” मुले त्यांना हस्त उलटा करून दाखवत होती.